व्यावसायिक फायबर जोडणी : उपकरणांची मांडणी (मराठवाडा)

काचतंतूवरून आलेले इंटरनेट दुकान, आडत, कारखाना, दवाखाना किंवा शिकवणी वर्गात आत घेऊन ते संगणक, कॅमेरे, वजनकाटा आणि बिलाच्या यंत्रापर्यंत पोचवण्यासाठी केलेली साधनांची जुळणी. सेवा देणाऱ्या कंपनीचा ओएनटी (तंतूतल्या प्रकाशाचे विद्युतसंकेत करणारे यंत्र; बोलण्यात ‘ओएनयू’ किंवा नुसता ‘डबा’), ग्राहकाचा राउटर, एका केबलीच्या अनेक जोडण्या करणारा स्विच, वाय-फायचे अ‍ॅक्सेस पॉइंट, कॅट-६ केबल आणि वीजपुरवठ्याची सोय एवढे त्यात येते. शेवटची बाब कोटेशनात सहसा नसते. मराठवाड्यात मात्र जोडणी टिकणार की नाही, हे बरेचसे तीच ठरवते.

जोडणीचे दोन प्रकार रूढ आहेत. पहिल्यात, म्हणजे जीपॉनमध्ये, कंपनीच्या केंद्रातील ओएलटी या मुख्य यंत्राच्या एका पोर्टवरचा प्रकाश स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटला जातो. येणारी माहिती १४९० नॅनोमीटर आणि जाणारी १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर एकाच तंतूतून चालते. उतरत्या दिशेचा सुमारे २.५ गिगाबिट आणि चढत्या दिशेचा सुमारे १.२५ गिगाबिट वेग त्या पोर्टवरचे सगळे ग्राहक मिळून वापरतात. दुसरा प्रकार लीज्ड लाइनचा : वेग राखीव, दोन्ही दिशांना सारखा, भाडे कितीतरी जास्त. मोंढ्यातील आडतीला पहिला प्रकार पुरतो. वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मुख्यालयाशी दिवसभर जोडलेले राहावे लागणाऱ्या कारखान्याला दुसऱ्याचा विचार करावा लागतो.

प्रकाशाची पातळी. तंतू डब्याला लावला की पॉवर मीटरवर पातळी मोजतात. ती डीबीएममध्ये (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली ताकद) आणि उणे येते. हिशेब अवघड नाही. ओएलटीमधून साधारण अधिक ३ निघाले, ३२ वाटांच्या स्प्लिटरने १७ च्या आसपास खाल्ले, पाच किलोमीटर तंतूने दोनपेक्षा कमी आणि सांध्यांनी एक-दोन, तर दारात उणे १८ च्या जवळपास उरायला हवे. नेहमीच्या डब्याची सहनसीमा उणे २७ च्या आसपास संपते. आकडा उणे २६ असेल तर जोडणी त्या दिवशी चालेल, पण केबल थोडी ताणली गेली किंवा सांध्यात ओल शिरली की लाल लाइट लुकलुकू लागेल. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणून ‘थोडाच कमी आहे’ या म्हणण्याला अर्थ नसतो. दोष बहुतेक वेळा किरकोळ निघतो : भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात मुडपलेली पॅचकॉर्ड (डब्याला लावायची छोटी तंतूची केबल), टोकावरची धूळ, किंवा हिरव्या जोडात कोंबलेला निळा जोड. हिरव्या जोडाचे टोक ८ अंशांत तिरके घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. दोन्ही एकमेकांत बसतात, पण प्रकाश नीट जात नाही. बसवणारा माणूस जाण्याआधी आकडा विचारून डब्यावर लिहून ठेवावा. पुढच्या तक्रारीत वादाला जागा उरत नाही.

वीज आणि माती. काचेतून विद्युतप्रवाह जात नाही, त्यामुळे ‘फायबरला विजेची भीती नाही’ असे सांगितले जाते. ते तंतूपुरतेच खरे. खांबावरून येणाऱ्या ड्रॉप केबलला आधाराची पोलादी तार असते. ती इमारतीबाहेरच तोडून थांबवावी. डब्याला वीज अ‍ॅडॉप्टरमधून येते, आणि आवारातली कॅट-६ केबल तर तांब्याचीच. डाळमिलमध्ये कचेरीपासून फाटकाजवळच्या काट्यापर्यंत उघड्यावरून ओढलेली तांब्याची केबल वळवाच्या दिवसांत विजेला थेट आत आणते. तांब्याची मर्यादाही १०० मीटरची आहे. आवारातल्या अशा अंतराला दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्यावरचे संकेत प्रकाशात आणि उलट बदलणारी यंत्रे) आणि मधे फायबर हाच उपाय.

अर्थिंगची अडचण इथल्या काळ्या मातीतून येते. ओली असताना ती विजेला चांगली वाट देते. उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि पुरलेल्या पट्टीपासून सुटते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या विजा चमकायला लागतात तेव्हाच, अर्थिंग सर्वांत दुबळे झालेले असते. खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी सवय त्यामुळे अडाणीपणाची नाही.

वीज गेल्यावर साधा इन्व्हर्टर भार उचलेपर्यंत क्षणभर खंड पडतो. तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा उठतो आणि ई-वे बिल अर्धवट राहते, गाडी दारात उभी. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, म्हणून त्यांना छोटा डीसी यूपीएस स्वतंत्र लावणे स्वस्त आणि सोपे पडते. उष्णतेचेही तसेच : घरगुती दर्जाची उपकरणे बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी बनवलेली असतात, आणि मे महिन्यात पत्र्याखाली त्याहून जास्त तापते. टरफलांची धूळ उडते तिथे पंखा नसलेला स्विच बंद पेटीत ठेवावा आणि पेटी पत्र्यापासून लांब, खाली.

आतली मांडणी. बहुतेक ठिकाणी ओएनटीच राउटरचे कामही करतो. ग्राहकाने आणखी एक राउटर लावला तर आतल्या-बाहेरच्या आयपी पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते, आणि बाहेरून कॅमेरे पाहणे किंवा शाखा जोडणे बिघडते. अशा वेळी ओएनटी ब्रिज मोडवर (म्हणजे राउटरचे काम न करता नुसता पुढे पोचवेल असा) टाकून पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचे, नाव व पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरतात. कंपनीकडून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. बाहेरून आत यायचे तर स्थिर आयपी (न बदलणारा, फक्त आपला पत्ता) विकत घ्यावा लागतो. कॅमेऱ्यांचे जाळे हिशेबाच्या संगणकांपासून व्हीलॅनने (एकाच स्विचवर जाळ्याचे वेगळे भाग करण्याची सोय) वेगळे ठेवतात. २०१६ साली पसरलेल्या मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) मोठ्या संख्येने पकडले होते. दुकानात ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड अजून तसाच असतो.

दुसरी जोडणी. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने केबल तुटणे नित्याचे झाल्याने व्यवसाय दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतात आणि राउटर एकीवरून दुसरीवर आपोआप जाईल असे करतात. मात्र दोन्ही केबली कित्येकदा एकाच खांबावरून येतात किंवा एकाच चरात पडलेल्या असतात. करार करण्यापूर्वी बसवणाऱ्याला सोबत घेऊन चौकापर्यंत चालत जावे आणि वर बघावे. वाट एकच निघाली तर दुसऱ्या केबलऐवजी सिमकार्डचा राउटर घेतलेला बरा.