चुरचुर वेगळी, ॲलर्जी वेगळी

टी ट्रीसारखं सुगंधी तेल मुरुमावर लावलं आणि आग झाली, की घरात दोन निदानं तयार असतात. एक म्हणतं, 'चुरचुरतंय म्हणजे काम करतंय'. दुसरं म्हणतं, 'तुला ॲलर्जी आहे'. बहुतेकदा दोन्ही चूक. लावल्या लावल्या होणारी आग म्हणजे त्वचेला झालेली सरळ इजा. खरी ॲलर्जी सहसा एक-दोन दिवस उशिरा उगवते, आणि तोवर आपण तेल विसरून नव्या साबणाला दोष देत असतो.

चुरचुर हा सगळा मात्रेचा खेळ आहे. लवंगेच्या तेलात सर्वाधिक भाग युजेनॉलचा, गवती चहाच्या तेलात सिट्रलचा, दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनामाल्डिहाइडचा; ही सगळी झोंबणारी रसायनं. असं तेल बाटलीतून थेट लावलं तर कोणाचीही त्वचा तक्रार करेल. जिथे लावलं तेवढीच जागा लाल होते, आग जास्त आणि खाज कमी. दाढी नुकतीच केलेली असेल, रेटिनॉलचं क्रीम चालू असेल किंवा थंडीनं गाल फुटले असतील, तर थोडंसं तेलही झोंबतं. त्यावर उपाय आहे: तेल विरळ करा. 30 मिली खोबरेल किंवा बदाम तेलात 6 थेंब म्हणजे साधारण 1 टक्का, आणि चेहऱ्याला तेवढं पुष्कळ झालं. दालचिनीच्या सालीचं तेल मात्र चेहऱ्याच्या वाटेला नेऊच नये. आंघोळीच्या पाण्यात थेंब टाकणं म्हणजे विरळ करणं नव्हे; तेल पाण्यात मिसळत नाही आणि जसंच्या तसं अंगाला चिकटतं.

ॲलर्जीला मात्रेचं असं गणित लागू होत नाही. ज्यांनी बिब्बा उतलेला पाहिलाय त्यांना 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे कोणी पटवू शकणार नाही. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. कैरीचा चीक घरातल्या एकाच्याच ओठांना उततो आणि बाकीचे मीठ-तिखट लावून मजेत खातात, त्यामागे बऱ्याचदा ॲलर्जीच असते. सुगंधी तेलांतही हेच घडतं. त्यांतले बारीक रेणू त्वचेत शिरतात, तिथल्या प्रथिनांना चिकटतात, आणि प्रतिकारशक्तीच्या टी पेशी त्यांना परके म्हणून ओळखायला शिकतात. हे शिकताना बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या कधीतरीच्या वापरात, लावल्यानंतर 1 ते 3 दिवसांनी, खाज सुटते, बारीक पाणीदार पुरळ येतं आणि ते लावलेल्या जागेबाहेरही पसरतं. म्हणूनच 'इतकी वर्षं लावतेय, मग आत्ताच कसं?' हा प्रश्न ॲलर्जी नाही याचा पुरावा ठरत नाही. टिकलीच्या डिंकाची ॲलर्जीही अशीच वर्षानुवर्षांच्या वापरानंतर उपटू शकते.

एकदा त्वचेनं ओळख पटवली की ती सहसा आयुष्यभर विसरत नाही. मग 6 थेंबांचे 2 केले तरी भरवसा नाही. ते तेल सोडायचं. 'हळूहळू सवय होईल' हा सल्ला इथे सगळ्यात घातक.

बाटलीचं वय ही गोष्ट फारसं कोणी विचारात घेत नाही. लव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्या-लिंबाच्या तेलातलं लिमोनीन हे सुगंधी घटक. ते ताजं असताना तुलनेनं सौम्य असतं, पण हवा लागली की त्यांची हायड्रोपेरॉक्साइड्स नावाची संयुगं बनतात आणि ती ॲलर्जी जागवण्यात पटाईत असतात. टी ट्री तेलाचंही तसंच. बाथरूमच्या खिडकीत, उन्हात, अर्धवट बंद झाकणाची अर्धी बाटली हा सगळ्यात वाईट मुक्काम. लहान बाटली घ्या, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, जुनं झालेलं तेल त्वचेला लावू नका.

लिंबाच्या किंवा बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीपासून दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेल्यावर पडणारे काळपट डाग चुरचुर आणि ॲलर्जी या दोन्हींत मोडत नाहीत. तेलातली फ्युरोकुमारिन्स नावाची रसायनं आणि ऊन मिळून त्वचा भाजते. अशी तेलं रात्रीही जपूनच. आणि अर्ध्या तासात गांध्या उठून काही तासांत मावळतात, ज्याला आपण पित्त उठणं म्हणतो, ते आणखी वेगळं प्रकरण.

घरी कोपराच्या आतल्या बाजूला तेल लावून पाहतात ती चाचणी चुरचुर ओळखायला चांगली. ॲलर्जी पकडायची तर विरळ केलेलं तेल त्याच जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावं लागतं. तरी ती आजपुरती सांगते, पुढच्या वर्षाची नाही. विरळ न करता चाचणी घेऊ नका, तीच ॲलर्जीची सुरुवात ठरू शकते. त्वचारोगतज्ज्ञांची पॅच टेस्ट वेगळी: संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून 48 तास ठेवतात, पट्ट्या काढल्यावर एकदा आणि नंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात.

रॅश आलाच तर साबण आणि कोमट पाण्यानं तेल काढा; नुसतं पाणी पुरत नाही. मग बिनवासाची पेट्रोलियम जेली. हळद, लिंबू, दुसरं 'थंड' तेल, काही नको. केमिस्टकडची स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मनानं चेहऱ्याला लावू नका. फोड आले, डोळे सुजले किंवा रॅश पसरत गेला तर डॉक्टर गाठा. श्वासाला त्रास झाला तर थेट तातडीचा विभाग.

ॲलर्जी पक्की झाली, की खरं काम दुकानात सुरू होतं. युरोपीय संघात लिनालूल, लिमोनीन, युजेनॉल, सिट्रल यांसारखे घटक अंगावर राहणाऱ्या उत्पादनात 0.001 टक्क्याहून जास्त असले तर नावानिशी छापावे लागतात. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर नुसतं 'फ्रेग्रन्स' किंवा 'परफ्यूम' असतं, आणि तेवढ्यावरून लिनालूल आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी 'फ्रेग्रन्स-फ्री' लिहिलेलंच घ्यावं. 'अनसेंटेड' चालेलच असं नाही, कारण मूळ वास झाकायला त्यातही सुगंध घातलेला असू शकतो.