मुळात औषध कुठलं?

कॅमेरूनमध्ये एका झाडाच्या मुळाची साल उकळून तिचा काढा अंगदुखीवर, तापावर, फेफऱ्यावर देतात. सार्कोसेफॅलस लॅटिफोलियस हे त्याचं शास्त्रीय नाव. आपल्या कदंबाच्याच कुळातलं हे झाड. फूलही तसंच, चेंडूसारखं गोल.

काढ्याने वेदना खरोखर कमी होतात का, हे तपासायची एक जुनी रीत आहे. उंदराला साधारण ५५ अंशांना तापवलेल्या तबकडीवर ठेवतात आणि तो पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजतात. वेदनाशामक पोटात असेल तर तो जास्त वेळ थांबतो. भाजू नये म्हणून ठरलेल्या वेळेनंतर त्याला उचलतातच. उंदरांवरच्या चाचण्यांत हा काढा गुणकारी ठरला.

मग गुण कशाचा, याचा शोध सुरू झाला. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे मिशेल द वार्ड आणि त्यांच्या कॅमेरूनमधल्या सहकाऱ्यांनी सालीतून चक्क ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक वेगळं काढलं. हे औषध १९६०च्या दशकात जर्मनीत माणसाने बनवलेलं, १९७७ पासून बाजारात असलेलं. तेच झाडही बनवतं?

जर्मनीतल्या डॉर्टमुंडचे मिशाएल श्पिटेलर आणि त्यांच्या गटाने २०१४ मध्ये वेगळंच दाखवलं. ट्रॅमाडॉल मिळत होतं ते उत्तर कॅमेरूनमधल्या मुळांत, दक्षिणेतल्या नव्हे. आणि उत्तरेत ते शेजारच्या इतर झाडांतही होतं. सोबत असे घटक सापडले, जे हे औषध जनावराच्या शरीरातून गेल्यावरच तयार होतात. तिथले शेतकरी भर उन्हात नांगर ओढणाऱ्या गुरांना ट्रॅमाडॉलच्या गोळ्या चारत, स्वतःही घेत. गुरांच्या मुतातून ते मातीत मुरलं, मातीतून मुळांनी शोषलं. त्या उन्हात गोळी घेऊन राबणाऱ्या माणसांचा विचार मला या सगळ्या संशोधनापेक्षा जास्त छळतो.

तरी वाद मिटायला २०१६ उजाडलं. जिवंत झाड हवेतून कार्बन घेतं, त्यात किंचित किरणोत्सारी कार्बन-१४ असतोच. कारखान्यात असं औषध ज्यापासून बनतं ते खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून असल्याने त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला असतो. उत्तर कॅमेरूनमधल्या मारुआ शहराच्या बाजारातल्या गोळ्या आणि तिथल्याच हुदुवुची माती, दोन्हींतलं ट्रॅमाडॉल तपासलं. दोन्हींत कार्बन-१४ नव्हता.