शार्कलाही कॅन्सर होतो

‘शार्कला कॅन्सर होत नाही, म्हणून त्याच्या कूर्चेची (कार्टिलेजची) पावडर घ्या’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. गाठ १-२ मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला रक्त लागतं. मग ती व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून शेजारच्या रक्तवाहिन्यांना नव्या फांद्या फोडायला लावते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, हेही खरं; म्हणून तिच्यातली प्रथिनं गाठीच्या रक्तवाहिन्याही रोखतील, असा तर्क. पण गिळलेलं प्रथिन पोटात पचतं, वरणातल्या डाळीसारखंच. रुग्णांवरच्या चाचण्यांत पावडरीचा फायदा दिसला नाही. शार्कमध्येही गाठी सापडल्या आहेत. व्हीईजीएफला खरोखर अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ पासून वापरात आहे. ते शिरेतून देतात, बहुधा केमोसोबत. घरात असा डबा असेल तर लेबल बघा: त्यावर ‘औषध’ लिहिलंय की ‘आहारपूरक’?