लुगडे, पगडी आणि ऱ्हासाची तक्रार : पेहरावाच्या वादाची पार्श्वभूमी

मुंबईच्या प्रभादेवी येथील सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये, तोकडे किंवा अंगप्रदर्शन करणारे कपडे घालून येणाऱ्या भाविकांना यापुढे प्रवेश मिळणार नाही, असे जाहीर केले. त्याआधी मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरात अशाच आशयाचे फलक लागले होते आणि टीका सुरू होताच ते उतरवलेही गेले होते. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक काढून शासकीय कार्यालयांत जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर यांना मज्जाव केला, तर मार्च २०२४ मध्ये शाळांमधील शिक्षकांसाठीही पेहरावाचे नियम आले. मंदिर, कचेरी आणि शाळा या तिन्ही जागांची गरज वेगळी असली, तरी प्रत्येक वेळी चर्चेत एक वाक्य हमखास येते, आणि ते म्हणजे ‘पूर्वी असे नव्हते, समाज घसरत चालला आहे’. पूर्वी नेमके कसे होते, हे महाराष्ट्रापुरते तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. या वाक्यातले ‘पूर्वी’ दर पिढीत बदलत गेले आहे, आणि आज मर्यादेचे प्रतीक मानला जाणारा पेहरावही एके काळी ऱ्हासाचा पुरावा म्हणून दाखवला जात होता.

पेहरावाविषयीचे जुने नियम पाहिले, तर त्यांत शालीनतेपेक्षा पायरीचा विचार अधिक दिसतो. पेशवाईत सोनार समाजातील काही मंडळी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवून घेऊन निऱ्या काढून धोतर नेसू लागली आणि एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणू लागली. धोतराची ही तऱ्हा आणि अभिवादनाचा हा शब्द हे ब्राह्मणांचे विशेष अधिकार मानले जात असल्यामुळे पेशवे सरकारच्या बळावर हा प्रयत्न मोडून काढण्यात आला. इतकेच नव्हे, तर १७७९ मध्ये मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कौन्सिलकडूनही तिथल्या सोनारांविरुद्ध मनाई हुकूम मिळवण्यात आला. या धोतराने कोणाचेही अंग उघडे पडत नव्हते. आक्षेप होता तो पाहणाऱ्याला माणसाची जात ओळखता येईना, याला. गोव्यात त्याआधी, १७३६ मध्ये, पोर्तुगीज इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, याच हत्याराचा उलट दिशेने वापर केला होता. धर्मांतरित स्थानिक ख्रिस्ती पुरुषांनी धोतर नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, अशी बंदी घालण्यात आली, कारण त्या कपड्यांत राज्यकर्त्यांना जुन्या धर्माची खूण दिसत होती. म्हणजे एका सत्तेने खूण पुसली जाऊ नये म्हणून कपड्यावर हात टाकला, तर दुसरीने ती पुसली जावी म्हणून टाकला.

इंग्रजी अमलात पुरुषांचा पेहराव स्त्रियांच्या आधी आणि अधिक बदलला. अंगरखा आणि उपरणे गेले, त्यांच्या जागी धोतरावर कोट आला, पायांत बूट आले, आणि मग पाटलोण आली. डोक्यावरची पगडी मात्र बराच काळ टिकली, कारण बोडक्या डोक्याने घराबाहेर पडणे हे सुतकाचे लक्षण समजले जाई. या बदलांवर टीका झाली नाही असे नाही, पण कचेरीतली नोकरी आणि साहेबाची मर्जी ही कारणे समोर असल्यामुळे ती फारशी बोचली नाही. बोचणारी टीका स्त्रियांच्या वाट्याला आली. नव्या शिक्षणाने आणि नव्या चालीरीतींनी स्त्रिया बिघडत चालल्या आहेत, असा वृत्तपत्रांचा सूर असताना ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांनाच प्रश्न केला. बूट, पाटलोण आणि साहेबी थाट अंगावर चढवताना तुमचा धर्म कुठे गेला होता, आणि तो सांभाळण्याचे ओझे एकट्या बायकांवर का, असा त्यांच्या विचारण्याचा रोख होता. या प्रश्नाला तेव्हा सरळ उत्तर मिळाले नाही आणि माझ्या मते अजूनही मिळालेले नाही.

त्याच काळात पायांत बूट घालून आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने चालणारी स्त्री हा लोकांच्या संतापाचा विषय होता. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) येथे केलेल्या जाहीर भाषणात, शिकायला जाताना रस्त्यावर सोसाव्या लागलेल्या त्रासाविषयी सांगितले होते. छत्री आणि जोडे या तेव्हा केवळ वापरायच्या वस्तू नव्हत्या. त्या अधिकाराच्या खुणा होत्या, आणि बाईने त्या धारण करणे म्हणजे आपली जागा सोडणे, असे पाहणाऱ्याला वाटत असे. अमेरिकेत गेल्यावर आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, परंतु नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. मर्यादा पाळण्यासाठीच त्यांनी नेसण्याची रीत बदलली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

या सगळ्या वादाचे मर्म लुगड्याच्या कासोट्यात आहे. नऊवारी लुगडे मागे कासोटा घालून नेसले जाते. धर्मकृत्याच्या संदर्भात कासोटा न घातलेल्या माणसाची गणना नग्नांत करणारी स्मृतिवचने आहेत, आणि त्यामुळे सकच्छ म्हणजे कासोट्यासह नेसणे हे सोवळ्याचे आणि सभ्यतेचे लक्षण ठरले, तर विकच्छ नेसणे हे निषिद्ध मानले गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाचवारी पातळ, त्याखाली परकर आणि वर पोलके अशी ‘गोल’ नेसण्याची पद्धत आधी शहरांत आणि मग गावांत आली, तेव्हा जुन्या पिढीला तो खरोखरच आघात वाटला. ज्या साडीत बाई पायाच्या घोट्यापर्यंत झाकलेली असते, तिला अमंगळ म्हटले जाई, आणि जिच्यात पोटऱ्या दिसतात, ती साडी कुलीन समजली जाई. गोल साडी नेसलेल्या सुनेला देवाचे करू न देणारी घरे होती, आणि श्राद्धाच्या स्वयंपाकासाठी नऊवारीच हवी, हा आग्रह काही घरांत आजही टिकून आहे.

बदलाची कारणे मात्र नीतीत नव्हती. गिरण्यांचे स्वस्त कापड, शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली आणि आगगाडी-ट्रामचा प्रवास यांनी वाट तयार केलीच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, कापडावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा नऊ वार आणि पाच वार यांतला फरक थेट घरखर्चात दिसू लागला. आज शासनाच्या परिपत्रकात शिक्षिकांसाठी शोभणारा पेहराव म्हणून पहिला मान जिला मिळतो, ती हीच एके काळची विकच्छ साडी आहे.

डोक्यावरच्या पदराचेही असेच आहे. ‘आपल्याकडे बायका डोक्यावरून पदर घेत’ हे वाक्य आता सरसकट ऐकू येते, पण मराठा घराण्यांत, विशेषतः गोषा म्हणजे पडदा पाळणाऱ्या घरांत, जी रीत होती, ती ब्राह्मण घरांत नव्हती. तिथे सवाष्णीचे डोके उघडे असे, अंबाड्यात फूल दिसे, आणि डोक्यावरून पदर ओढून घेणे हा विधवेचा नेम होता. एकाच गावातल्या दोन आळ्यांत एकच पदर एकीकडे मानाचा आणि दुसरीकडे अशुभाचा ठरत असे. ‘मराठी संस्कृतीचा पेहराव’ असे एकवचनात बोलताना ही आळी-आळीची तफावत विसरली जाते.

विधवेच्या वेषाविषयी इथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. केशवपन, आलवण म्हणजे विधवेचे लाल लुगडे, चोळीला बंदी आणि अंगावर दागिना नाही, हा सार्वजनिक पेहरावाचा सर्वांत कठोर नियम महाराष्ट्रातील उच्चवर्णीयांनी आपल्याच मुलींवर लादला होता. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस न कापण्याचा निर्धार केला, तेव्हा त्यांच्याकडे ज्यांनी बोट दाखवले, त्यांच्या दृष्टीने बुडत होता तो समाजच.

पेहरावाचा हा अर्थ ज्यांना सर्वांत आधी उमगला, ते नियमाच्या वरच्या पायरीवर नव्हते. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यात झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या, फाटक्या वेषात गेले आणि व्हिक्टोरिया राणीच्या या मुलासमोर, खरा हिंदुस्थान असा दिसतो, हे त्यांनी अंगावरच्या कपड्यांनी सांगितले. त्या सभेच्या रिवाजाप्रमाणे तो वेष अशोभनीयच होता.

परंतु या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग महाडचा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीच्या दहनानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिथे जमलेल्या स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले, आणि त्यातला मोठा भाग कपड्यांविषयी होता. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रियांचे लुगडे आखूड, गुडघ्यांच्या आसपास नेसलेले असे, आणि गळ्यात व हातांत कोपरापर्यंत जड, हलक्या धातूचे दागिने असत. जात विचारण्याची गरजच पडू नये, अशी ती लांबूनच ओळखू येणारी खूण होती. बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की लुगडे स्पृश्य स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसा, त्याला जास्तीचा पैसा पडत नाही. दागिन्यांचे ओझे उतरवा, आणि कपडा फाटका असला तरी तो स्वच्छ असू द्या. तिथल्या सवर्ण सहकाऱ्यांच्या घरांतील स्त्रियांनी नेसायला शिकवले, आणि परिषदेतून परतताना अनेकींची लुगडी घोट्यापर्यंत आलेली होती. एका हाताने निऱ्या धरून दुसऱ्या हाताने त्या कमरेला खोचताना, ही लांबी आपल्याला कोणी नाकारली होती आणि ती आपण आज घेत आहोत, हे त्या बायांना कोणी वेगळे समजावून सांगायची गरज नसावी. पुढे गावोगाव अशा बदलांना विरोध झाला, चांगले कपडे घातले म्हणून मारहाणही झाली. अंग अधिक झाकले गेले, तरी ‘मर्यादा सुटली’ असेच म्हटले गेले, आणि यावरून ‘मर्यादा’ या शब्दाचा त्या तोंडी अर्थ काय होता, ते स्पष्ट होते.

गांधी टोपीचा प्रवास याच्या जवळून जातो. १९२० नंतर ही पांढरी टोपी डोक्यावर घालणे हे सरकारच्या दृष्टीने उद्धटपणाचे होते, आणि १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा असताना ती घालणाऱ्यांना त्रास सोसावा लागला. तीच टोपी पुढे दोन पिढ्यांत गावच्या वडीलधाऱ्यांचा, वारकऱ्यांचा आणि मुंबईच्या डबेवाल्यांचा सभ्य पेहराव बनली. आता ती घालणारी माणसे कमी झाली, याचीच हळहळ ‘जुने वळण गेले’ या शब्दांत व्यक्त होते.

स्वातंत्र्यानंतर वादाचा विषय पंजाबी ड्रेसकडे वळला. मी शाळेत असताना एका तरुण बाईंनी सलवार-कमीज घालून वर्गावर येण्याची परवानगी मागितली होती. मुख्याध्यापकांनी त्यांना सगळ्या शिक्षकांसमोर, शाळेचे वळण बिघडेल, असे सुनावले. बाई दुसऱ्या दिवशी साडी नेसून आल्या, आणि फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत हात पुरावा म्हणून पदर खोचून टाचा उंचावून लिहीत राहिल्या. २०२४ च्या शासकीय नियमात सलवार, कुर्ता आणि दुपट्टा यांना साडीच्या बरोबरीचे स्थान आहे, तेव्हा बिघडलेले ते वळण आता सरळ मानले जाते. दरम्यान दुपारी भाजीवाल्याशी घासाघीस करायला बायका गाऊनवर ओढणी टाकून सोसायटीच्या फाटकाशी येऊ लागल्या, आणि त्यावरही काही सोसायट्यांत चर्चा झाल्या.

याचा अर्थ सार्वजनिक पेहरावाला काही संकेतच नसावेत, असा मी घेत नाही. स्मशानात भडक कपडे घालून कोणी गेले, तर खटकते, आणि खटकावेही, कारण तिथे दुसऱ्याच्या दुःखाचा मान राखायचा असतो. गाभाऱ्यात सोवळे नेसणाऱ्या पुजाऱ्यांनी भाविकाकडून काही अपेक्षा ठेवणे समजण्यासारखे आहे. परंतु संकेत जेव्हा फलक होतो आणि फलकाशेजारी पहारेकरी उभा राहतो, तेव्हा त्याचा काच कोणाला बसतो, हे विचारले पाहिजे. मुंबईतल्या चेंबूर येथील एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी आणि बॅज यांवर घातलेल्या बंदीचे प्रकरण २०२४ मध्ये उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ ऑगस्ट रोजी हिजाब, टोपी व बॅज यांपुरती त्या बंदीला स्थगिती मिळाली. इथे तक्रार अंग उघडे पडण्याची नव्हती, झाकण्याची होती. मंदिराच्या दारात कमी कपड्यांवर आणि महाविद्यालयाच्या दारात अधिक कपड्यांवर हरकत घेतली जाते, आणि दोन्हीकडे थांबवली जाते ती बहुतेक वेळा तरुण मुलगीच.

नऊवारीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. गिरगावात आणि डोंबिवलीत गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुली नऊवारी नेसून, नाकात नथ आणि डोळ्यांवर गॉगल लावून मोटारसायकलवर बसतात, आणि तिला आता सगळेच परंपरा म्हणतात. ती बहुधा नेसलेली नसते, शिवलेली असते. दादरच्या दुकानांत ती तयार मिळते, निऱ्या आधीच शिवून पक्क्या केलेल्या आणि कमरेला हूक किंवा नाडी लावलेली. गेल्या वर्षी भाचीसाठी अशी साडी शिवायला टाकायला मी तिच्याबरोबर गेलो होतो. शिवणाऱ्या बाईंनी कंबर, उंची आणि कासोट्याचे माप वहीत लिहून घेतले, टेप गळ्यात टाकली आणि मान वर न करता विचारले, ‘मोबाइलसाठी खिसा ठेवू ना ताई?’