आधी तेल, मग ताकद: एअर-कूल्ड ९११ च्या सुधारणांची पार्श्वभूमी

जुन्या एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या, पोर्शे ९११ चा विषय निघाला की बोलणे थेट अश्वशक्तीवर येते. पणजीत असो वा मडगावात, गाड्यांचा नाद असलेल्या चार माणसांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिन किती वाढवता येईल? या गाडीचा इतिहास त्या प्रश्नाकडे शेवटी येतो. १९६३ पासून १९९८ पर्यंत कारखान्याने हे इंजिन दोन लिटरवरून ३.६ लिटरवर नेले. प्रत्येक पायरीच्या आधी किंवा पाठोपाठ ब्रेक, तेल थंड करण्याची सोय, चाकांमधले अंतर, गिअरबॉक्स यांत काही ना काही बदलावे लागले. रस्ता आणि ट्रॅक अशा दुहेरी वापरासाठी आज जे बदल सुचवले जातात, त्यांतले बरेचसे कारखान्याने आपल्याच उणिवा भरून काढताना केलेले आहेत. ते कोणत्या क्रमाने झाले हे पाहिले, तर पैसे कुठे घालायचे हेही बऱ्याच अंशी ठरते.

गोव्याला ९११ ची ओळख नसली तरी तिच्या घराण्याची आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात भारताने आर्थिक नाकेबंदी केली, त्याच काळात इथल्या खनिजाची निर्यात वाढली आणि पोर्तुगीज राजवटीने परदेशी मालाला दार उघडे ठेवले. मुंबईत गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असताना गोव्यात युरोपीय गाड्या येत होत्या. त्यांत फोक्सवॅगन बीटलही होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, भारताचे आयातीचे नियम लागू झाले आणि नवी परदेशी गाडी आणण्याचा रस्ता बंद झाला. पुढचे राज्य अँबेसेडर आणि फियाटचे. आधी आलेल्या गाड्या घरोघरी राहिल्या आणि इथल्या मेकॅनिकांनी त्या जगवल्या.

पोर्शेची सुरुवातही त्या बीटलमधूनच झाली. १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या गावी तयार झालेल्या पहिल्या ३५६ मध्ये फोक्सवॅगनचे ११३१ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन होते, सुधारून सुमारे ३५ अश्वशक्तीपर्यंत नेलेले. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भागही तिथलेच. म्हणजे पहिली पोर्शे हीच मुळी वाढवलेली फोक्सवॅगन. त्यामुळे ‘पोर्शेला हात लावू नये, ती मूळ रूपातच ठेवावी’ असे कोणी फार सोवळेपणाने सांगू लागले, की मला ती पहिली गाडी आठवते.

९११ सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली, तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितल्याने १९६४ मध्ये ते ९११ झाले. सहा सिलिंडर आडवे, तीन एका बाजूला नि तीन दुसऱ्या, क्षमता दोन लिटर, ताकद १३० अश्वशक्ती, आणि हे सगळे मागच्या चाकांच्याही मागे.

इंजिन मागे लटकत असल्याने गाडीचे वजन मागे झुकलेले होते. वळणात मधेच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू बाहेर पळायची. यावर कारखान्याचा पहिला उपाय पाहण्यासारखा आहे: पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रत्येकी ११ किलोचे बिडाचे वजन बसवले. जर्मन अभियांत्रिकीबद्दल आपल्याकडे जी भक्ती आहे, तिला हा तपशील थोडा जमिनीवर आणतो. खरा इलाज १९६९ च्या गाड्यांत झाला. मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली आणि एकाऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत विभागल्या. त्याआधीच्या आखूड गाड्यांचे आज शौकिनांना मोल वाटते, पण ट्रॅकवर त्या नवख्या चालकाला सांभाळून घेत नाहीत.

ब्रेकचेही तसेच. १९६७ च्या ९११ एस मध्ये ताकद १६० वर गेली, तेव्हा हवा खेळती राहील अशा पोकळ डिस्क आणि फुक्स कंपनीची घडीव मिश्रधातूची चाके सोबतच आली. १९७८ ला ९११ ची टर्बो आवृत्ती ३.३ लिटरची झाली आणि तिला ९१७ या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले चार पिस्टनचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारे ब्रेकचे भाग, मिळाले. तेच कॅलिपर पुढे जगभरच्या जुन्या ९११ वर चढले.

आता तेलाकडे. एअर-कूल्ड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बुलेटच्या इंजिनाची पाती येतात. ९११ मध्येही सिलिंडरवर पाती आहेत आणि क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरणारा मोठा पंखा त्यांच्यावर वारा घालतो. पण उष्णतेचा मोठा वाटा तेल वाहून नेते. म्हणून या गाडीत ड्राय संप आहे. तेल इंजिनाखालच्या तबकात साचत नाही, पंपाने ओढून वेगळ्या टाकीत जाते आणि दहा लिटरच्या आसपास तेल सतत फिरत राहते. वळणात तेल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडण्याची भीती त्यामुळे कमी झाली. ट्रॅकवर या एका गोष्टीचे मोल फार.

पंखा पट्ट्यावर असल्याने एक अडचण कायम राहिली. इंजिन हळू फिरले की पंखाही हळू फिरतो. मे महिन्याच्या दुपारी गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या ९११ ला वारा सर्वांत कमी मिळतो, तोही तापलेल्या डांबरावरचा. १९६९ च्या एस ला पुढच्या उजव्या मडगार्डात जादा ऑइल कूलर दिला गेला. पुढे तिथे नळ्यांचे वेटोळे आले, मग जाळीदार रेडिएटर आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्यावर विजेचा पंखा. साध्या कूलरपासून विजेच्या पंख्यापर्यंत पोचायला कारखान्याला वीसेक वर्षे लागली. गोव्यात जुनी ९११ वापरायची असेल, तर या प्रवासातला शेवटचा टप्पा आधी उचलावा असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रॅकवर निदान समोरून वारा येतो, पर्वरीच्या कोंडीत तोही नाही.

तेलाच्या टाकीचा एक किस्सा सांगून पुढे जाऊ. १९७२ च्या गाड्यांत वजन मधे आणण्यासाठी ही टाकी मागच्या चाकाच्या पुढे नेली आणि तिचे झाकण बाहेर, उजव्या बाजूला ठेवले. पेट्रोल पंपावरची माणसे त्या झाकणातून पेट्रोल भरू लागली. १९७३ ला टाकी पुन्हा जुन्या जागी गेली.

त्याच सुमारास आलेली कॅरेरा आरएस २.७ ही रस्ता आणि ट्रॅक या जोडकामाची सर्वमान्य मापपट्टी ठरली. शर्यतीच्या नियमासाठी ५०० गाड्या करायच्या होत्या, झाल्या १५८०. इंजिन २६८७ घनसेंटिमीटर, २१० अश्वशक्ती, हलक्या आवृत्तीचे वजन हजार किलोच्या आत. मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद आणि वेगात मागची बाजू उचलली जाऊ नये म्हणून इंजिनाच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा. ताकद वाढली ती अवघी वीस अश्वशक्तीने. आधीची २.४ लिटरची एस १९० ची होती. बाकीची सगळी करामत वजन, चाके आणि वारा यांची. आजही या गाडीच्या नकला होतात, त्यांतल्या बहुतेकांत शेपटी तेवढी असते आणि वजन उतरवण्याचे कष्ट राहून जातात.

आरएसच्या इंजिनाचीच क्षमता १९७४ पासून साध्या ९११ ला मिळाली आणि तिथे गाडे अडले. इंजिनाचे कवच मॅग्नेशियमचे, वजनाला हलके पण आट्यांना मऊ. सिलिंडर आणि हेड कवचाला लांब पोलादी स्टडांनी, म्हणजे आटे असलेल्या सळ्यांनी, आवळलेले. इंजिन तापले की अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर पोलादापेक्षा जास्त फुगतात, स्टडांवर ताण येतो आणि ते मऊ मॅग्नेशियमातून आट्यांसकट उपटून येतात. अमेरिकेसाठीच्या गाड्यांत धूर स्वच्छ करायला थर्मल रिअ‍ॅक्टर बसवले होते. त्यांनी इंजिनखालची उष्णता आणखी वाढवली आणि ही इंजिने बदनाम झाली. कारखान्याने डिलाव्हार नावाच्या, गरम झाल्यावर जास्त प्रसरण पावणाऱ्या मिश्रधातूचे स्टड आणले. त्यांनी ताण कमी केला, पण वर्षांनी ते गंजून तुटू लागले. शेवटी टिकलेला इलाज साधा आहे: कवचात पोलादी आट्यांच्या बाही बसवायच्या आणि चांगले पोलादी स्टड घालायचे. इंजिन उघडून हे केल्याशिवाय २.७ मधून जादा ताकद काढायला जाणे म्हणजे खर्चाला आमंत्रण.

१९७८ ची ९११ एससी तीन लिटरची आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाची होती, त्यामुळे आट्यांचा प्रश्न मिटला. एक दुखणे राहिले, कॅमशाफ्टच्या साखळ्या ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे. तो निकामी झाला की साखळी सैल होऊन उडी मारते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. १९८४ च्या कॅरेरा ३.२ मध्ये इंजिनाच्याच तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले, आणि ते जुन्या इंजिनांनाही बसतात. या ३.२ ला २३१ अश्वशक्ती होती. १९८७ पासून तिला जी५० हा भक्कम गिअरबॉक्स मिळाला. त्याआधीचा ९१५ नावाचा गिअरबॉक्स घाईने गिअर टाकणाऱ्याला त्रास देतो. १९८९ ची ९६४ (९११ च्याच पुढच्या पिढीचा कारखान्यातला क्रमांक) म्हणजे ३.६ लिटर, २५० अश्वशक्ती, एबीएस, पॉवर स्टिअरिंग आणि टॉर्शन बारऐवजी स्प्रिंग. त्यानंतरच्या ९९३ या पिढीवर हा वंश १९९८ मध्ये संपला. त्यापुढची ९९६ पाण्यावर थंड होते.

टॉर्शन बारबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण गोव्यात चूक इथेच होण्याची शक्यता जास्त. ९६४ पूर्वीच्या सर्व ९११ मध्ये स्प्रिंगचे काम पिळल्या जाणाऱ्या पोलादी कांबी करतात. ३.२ ला पुढे १८.८ मिलिमीटर जाडीच्या कांबी आहेत. ट्रॅकसाठी लोक २२ च्या घालतात. फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा वाटतो, पण कांबीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तो सुमारे १.९ पट होतो. ट्रॅकच्या सपाट डांबरावर ते छान. गावोगावच्या गतिरोधकांवर आणि पावसाने उखडलेल्या चोर्ला घाटात गाडी चाकावर राहण्याऐवजी उड्या मारते. गोव्यात गाड्यांच्या शर्यतीसाठी कायमचा डांबरी ट्रॅक नाही. कोइमतूरचा कारी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई किंवा थेट ग्रेटर नोएडाचा बुद्ध, असे पर्याय. म्हणजे वर्षातले बहुतेक किलोमीटर रस्त्यावरच होणार आणि कांबी त्या हिशेबाने निवडायला हव्यात. सस्पेन्शनच्या सांध्यांतले झिजलेले रबरी बुश नवे घातले आणि चाकांची अलाइनमेंट नीट केली, तर निम्मे काम तिथेच होते.

समुद्राकाठचे हवामान या गाडीला जास्त छळते. पोर्शेने १९७६ च्या गाड्यांपासून संपूर्ण सांगाडा जस्ताचा लेप दिलेल्या पत्र्याचा केला. त्याआधीच्या गाडीत टॉर्शन बारच्या नळीभोवतीचा आणि पुढच्या सस्पेन्शनच्या जागेचा पत्रा खाऱ्या हवेने आणि पावसाने सडलेला असू शकतो. तो तपासल्याशिवाय पुढचा कोणताही खर्च व्यर्थ. दुसरा प्रश्न पेट्रोलचा. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषते, जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही आणि पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये मळ सोडते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणे हा कोणी कौतुकाने दाखवणार नाही असा बदल आहे, पण इंजिन मागे असलेल्या गाडीत गळणाऱ्या नळीने आग लागू शकते.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीची मूळ वैशिष्ट्ये बदलू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असे सांगितले. इंजिनाचा क्रमांक आरसी बुकात असतो, त्यामुळे १९७३ च्या गाडीत ३.२ चे इंजिन टाकायचे तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागेल. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

त्यामुळे १९७० च्या दशकातल्या ९११ च्या मालकाला रुंद मडगार्ड आणि मोठे इंजिन घेऊन ट्रॅकची गाडी करायची, की विंटेज नोंदणी घ्यायची, हे पहिला स्पॅनर लावण्याआधी ठरवावे लागते. पहिला मार्ग धरला तर कोइमतूरला जाताना ती ट्रकवर चढवून नेणे बरे. ज्यांना दोन्ही दारे शक्य तितकी उघडी ठेवायची आहेत, त्यांच्यासाठी उरतात ते आट्यांच्या बाही, नवे टेन्शनर, नव्या नळ्या, ताजे ब्रेक फ्लुइड आणि मडगार्डातला ऑइल कूलर.