लिथुएनियन आणि क्री समाज : सामाजिक-आर्थिक तुलना

लिथुएनियन हे बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील लिथुएनिया या देशाचे बहुसंख्य लोक. क्री हे कॅनडातील सर्वांत मोठ्या आदिवासी समूहांपैकी एक. त्यांची वस्ती क्वेबेकमधील जेम्स उपसागरापासून अल्बर्टापर्यंत पसरली असून थोडे क्री अमेरिकेतील मोंटॅना राज्यातही राहतात. दोघांचाही मुलूख थंड आणि जंगल-दलदलींचा. विसाव्या शतकात दोघांच्या आयुष्याचे निर्णय दूरच्या राजधानीत झाले, आणि त्याची किंमत दोघांनीही हद्दपारी, मुलांची ताटातूट, दारू व आत्महत्या या रूपांत मोजली. या साम्यामुळे त्यांची तुलना सुचते. मात्र ती करताना आकड्यांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले, तर दिशाभूल होण्याचीच शक्यता अधिक.

याचे कारण तुलनेच्या एककातच आहे. लिथुएनिया हे ६५,३०० चौ. किमी. क्षेत्रफळाचे आणि सुमारे २९ लाख लोकसंख्येचे सार्वभौम राष्ट्र आहे. त्याला स्वतःचा अर्थसंकल्प, न्यायालये आणि सांख्यिकी कार्यालय आहे. कॅनडाच्या २०१६ च्या जनगणनेत साडेतीन लाखांहून अधिक लोकांनी आपला वंश क्री असल्याचे नोंदवले. पण ते वेगवेगळ्या प्रांतांत, शंभराहून अधिक मान्यताप्राप्त समुदायांत विभागलेले आहेत. शहरांत राहणारे क्रीही पुष्कळ आहेत. अटावापिस्काट या ओंटॅरियोतील गावात २०११ साली काही कुटुंबे तंबूंत व शेडमध्ये राहत असल्याने घरांबाबत आणीबाणी जाहीर करावी लागली. याउलट अल्बर्टातील फोर्ट मॅके आणि मिकिस्यू क्री या दोन समुदायांनी २०१७ मध्ये रोखे काढून ५० कोटी डॉलरहून अधिक भांडवल उभे केले आणि सनकोर या तेल कंपनीच्या साठवण टाक्यांच्या प्रकल्पात ४९ टक्के वाटा घेतला. या दोन टोकांची सरासरी काढून हाती काही लागत नाही.

पार्श्वभूमी

क्री अर्थव्यवस्था युरोपीयांशी संबंध आल्यानंतर लगेच कोसळली, हा समज चुकीचा आहे. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीच्या व्यापारात क्री हे शिकारी, वाहतूकदार आणि मुख्य म्हणजे मध्यस्थ होते. कंपनीच्या ठाण्यांवर मालाचे भाव पौंडांत सांगत नसत. एका उत्तम बीव्हर कातड्याचे मोल हेच चलन होते. १८७० मध्ये कंपनीने आपला ‘हक्काचा’ सगळा मुलूख ३ लाख पौंडांना कॅनडाच्या हवाली केला. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

पुढे कॅनडा सरकार आणि आदिवासी समुदाय यांच्यात क्रमांकित तह झाले. १८७६ च्या सहाव्या तहाने माणशी ५ डॉलरचे वर्षासन ठरले. ते आजही ५ डॉलरच आहे. गवे संपले होते, म्हणून मैदानी क्रींनी शेती धरली आणि काही ठिकाणी ती चांगली साधलीही. तेव्हा सरकारचेच धोरण आडवे आले. धान्य विकायला सरकारी एजंटाचा परवाना लागे, आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या भूभागाबाहेर जायला पास लागे, आणि १८८९ पासून यंत्रांऐवजी हाताच्या अवजारांनी लहान तुकडे कसण्याचा आग्रह धरला गेला. मैदानी क्री शेतीत मागे का पडले, याचे उत्तर संस्कृतीत शोधणाऱ्यांनी आधी हे परवाने पाहावेत.

लिथुएनियात १८६१ पर्यंत भूदासत्व होते. त्यानंतर रशियन झारशाहीने १८६४ ते १९०४ या काळात लॅटिन लिपीतील लिथुएनियन छपाईवर बंदी घातली, तेव्हा शेजारच्या जर्मन अमलाखालील पूर्व प्रशियातून पुस्तके चोरून आणणाऱ्यांची एक फळीच उभी राहिली. १९१८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले. १९२२ च्या जमीन सुधारणेने मोठ्या जमीनदाऱ्या मोडून लहान शेतकऱ्यांचा देश घडवला. सोव्हिएत राजवटीने १९४१ मध्ये आणि पुन्हा १९४५ ते १९५३ या काळात मिळून सुमारे १ लाख ३० हजार लोकांना सैबेरिया व अन्य दूरच्या भागांत हद्दपार केले आणि शेती सामुदायिक केली. तथापि शाळेचे माध्यम लिथुएनियनच राहिले. रशियनचे दडपण होते, पण डॉक्टर, अभियंता, हिशेबनीस हे सगळे मातृभाषेत घडत राहिले. क्री मुलांच्या वाट्याला आल्या त्या निवासी शाळा. कॅनडाभर सुमारे दीड लाख आदिवासी मुले या शाळांतून गेली. तिथे स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. १९९० मध्ये स्वतःचे राज्य पुन्हा उभारताना लिथुएनियाजवळ जे शिकलेले मनुष्यबळ होते, ते क्रींजवळ का नव्हते, याचा मोठा भाग या फरकात दडला आहे.

एकाच देशात, एकाच दशकात

या दोन समाजांची सर्वांत उद्‌बोधक तुलना कॅनडातच करता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील निर्वासित छावण्यांतून हजारो लिथुएनियन कॅनडात आले. त्यांतील अनेकांना साधारण वर्षभराच्या कराराने लाकूडतोडीच्या तळांवर, खाणींत, रेल्वेमार्गावर किंवा घरकामाला जुंपले गेले. त्यांच्याकडे पैसा नव्हता, इंग्रजी जेमतेम होती, आणि वकिली किंवा मास्तरकी केलेली माणसे कुऱ्हाड चालवत होती. त्या क्षणी उत्तर ओंटॅरियोतल्या एखाद्या क्री कुटुंबाच्या आणि त्यांच्या रोख उत्पन्नात फार अंतर असेल असे नाही.

पुढच्या वाटा मात्र कायद्याने वेगळ्या केल्या. करार संपला की लिथुएनियन माणूस टोरंटो, हॅमिल्टन किंवा माँट्रियालला जाऊ शकत होता आणि पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व घेऊन मत देऊ शकत होता. या लोकांनी चर्चच्या आधाराने पतपेढ्या काढल्या. टोरंटोतील ‘परामा’ आणि हॅमिल्टनमधील ‘तालका’ ही त्यांतली नावे. आपसातल्या ठेवींतून घरासाठी गहाणकर्ज मिळे, घराची किंमत वाढे, आणि त्यावर पुढच्या पिढीचे शिक्षण होई. राखीव भूभागावरील क्री माणसाला संघराज्याच्या निवडणुकीत बिनशर्त मताधिकार मिळाला तो १९६० मध्ये. १८७६ पासूनच्या इंडियन ॲक्ट या आदिवासींसाठीच्या कॅनेडियन कायद्यानुसार राखीव भूभागावरची मालमत्ता बाहेरच्या सावकाराकडे किंवा बँकेकडे गहाण टाकता येत नाही. जमीन हातची जाऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो पुष्कळसा साधलाही आहे; पण त्याचबरोबर सामान्य कुटुंबाला भांडवल उभे करण्याचा नेहमीचा मार्ग बंद झाला. आजही तिथले बहुतेक घरबांधकाम समुदाय-परिषदेमार्फत किंवा सरकारी हमीवर चालते. वर उल्लेखिलेल्या अल्बर्टातील दोन समुदायांनी जमिनीवर कर्ज न घेता रोखे काढले, यामागे हीच अडचण आहे.

याच अडचणीतून सॅस्काचेवानमधील मस्केग लेक क्री समुदायाने वेगळी वाट काढली. तहानुसार त्यांना देय असलेली जमीन त्यांनी १९८८ मध्ये सॅस्काटून शहरातच घेतली आणि तिथे कार्यालये, दुकाने व कंपन्यांना जागा भाड्याने दिल्या. शहरी राखीव भूभागाचा हा नमुना पुढे इतरांनीही उचलला.

क्वेबेकमधील क्री

लिथुएनियाशी सर्वांत सार्थ तुलना होते ती क्वेबेकमधील क्रींची, कारण तिथे राज्यसंस्थेसारखे काहीतरी उभे राहिले आहे. त्यांचा पारंपरिक मुलूख, ‘इयू इस्ची’, सुमारे ४ लाख चौ. किमी. म्हणजे लिथुएनियाच्या सहापट आहे; लोक मात्र जेमतेम २० हजार. १९७१ मध्ये क्वेबेकचे मुख्यमंत्री रॉबेर बुरासा यांनी जेम्स उपसागराला मिळणाऱ्या नद्यांवर महाकाय जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. क्रींना ही बातमी वर्तमानपत्र-रेडिओवरून कळली. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायमूर्ती मालूफ यांनी कामाला स्थगिती दिली. वरच्या न्यायालयाने ती आठवड्याभरात उठवली. तरी सरकारला वाटाघाटीस बसावे लागले आणि ११ नोव्हेंबर १९७५ रोजी करार झाला. क्री व इन्युइट (उत्तर ध्रुवीय प्रदेशातील आदिवासी) मिळून २२.५ कोटी डॉलर भरपाई ठरली. त्याहून टिकाऊ ठरले ते क्रींचे स्वतःचे शाळा मंडळ आणि आरोग्य मंडळ. भरपाईचा पैसा घरोघरी वाटून न टाकता संस्थांत आणि उद्योगांत गुंतवला गेला. १९८२ मध्ये सुरू झालेली ‘एअर क्रीबेक’ ही विमान कंपनी त्यांपैकी एक.

धरणग्रस्तांच्या वाट्याला जे येते ते क्रींनाही चुकले नाही. फोर्ट जॉर्ज बेटावरचे गाव १९८० च्या सुमारास उठवून किनाऱ्यावर चिसासिबी वसवावे लागले. जलाशयांतल्या माशांत पारा वाढला, आणि मासा हे तर रोजचे अन्न. रॉबेर-बुरासा वीजकेंद्राची क्षमता ५,६१६ मेगावॉट आहे. पण उत्तरेकडचे व्हापमागूस्तुई हे क्री गाव क्वेबेकच्या वीजजाळ्याशी न जोडता डिझेल जनित्रांवर चालत आले आहे. पुढचा ग्रेट व्हेल प्रकल्प मात्र क्रींनी न्यूयॉर्कपर्यंत मोहीम नेऊन १९९४ मध्ये थांबवला. २००२ मध्ये क्वेबेक सरकारशी ५० वर्षांचा नवा करार झाला. त्यात सुमारे साडेतीन अब्ज डॉलर टप्प्याटप्प्याने आणि संसाधनांच्या उत्पन्नाशी जोडून देण्याचे ठरले.

१९७५ च्या करारातील शिकारी कुटुंबांसाठीची उत्पन्न-हमी योजना मुद्दाम पाहण्याजोगी आहे. वर्षातले किमान १२० दिवस रानात शिकार, मासेमारी व फासे लावण्यात घालवणाऱ्या कुटुंबाला त्या दिवसांच्या हिशेबाने पैसे मिळतात. वसंतात रानहंस येतात तेव्हा शाळांनाही सुटी असते. लिथुएनियन शेतकऱ्याला २००४ पासून युरोपीय संघाचे अनुदान मिळते तेही मूलतः शेती टिकवण्यासाठीच; पण ते हेक्टरवर मोजले जाते. १९९१ नंतर सामुदायिक शेते मोडून जमिनी जुन्या मालकांच्या वारसांना परत दिल्या, तेव्हा असंख्य छोटे तुकडे झाले होते. हेक्टरी अनुदानाने मोठ्यांना बळ दिले, छोट्यांनी जमिनी विकल्या किंवा खंडाने दिल्या, आणि गावे ओस पडत गेली. दिवस मोजणारे अनुदान माणसाला रानात ठेवते, क्षेत्र मोजणारे जमीन गोळा करायला लावते. ग्रामीण धोरणाच्या अभ्यासकांनी या जोडीकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले दिसत नाही.

उत्पन्न, घरे, लोकसंख्या

पैशाच्या हिशेबाने लिथुएनियाची झेप मोठी आहे. १९९० मध्ये मॉस्कोने तेलाची नाकेबंदी केली, नंतर प्रचंड महागाई आली, २००९ मध्ये अर्थव्यवस्था सुमारे १५ टक्क्यांनी आक्रसली. त्याच वर्षाअखेर युरोपीय संघात प्रवेशाची अट म्हणून इग्नालिना अणुवीजकेंद्र बंद करावे लागले, आणि वीज विकणारा देश वीज विकत घेऊ लागला. तरीही दरडोई उत्पन्न क्रयशक्तीच्या हिशेबाने युरोपीय सरासरीच्या जवळपास ९० टक्क्यांवर पोचले. किमान मासिक वेतन २०१५ मध्ये युरो स्वीकारताना ३०० युरो होते, २०२४ मध्ये ९२४. विषमता मात्र संघातल्या अधिक विषम देशांइतकी आहे, आणि साधारण पाचांतला एक माणूस दारिद्र्याच्या जोखमीत मोडतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्यात मोठ्या संख्येने आहेत.

कॅनडा सरकारचा समुदाय-कल्याण निर्देशांक उत्पन्न, शिक्षण, घरे व रोजगार यांवरून काढतात. २०१६ मध्ये क्रींसह सर्व फर्स्ट नेशन्स (इन्युइट व मेटी सोडून कॅनडातील इतर आदिवासी) समुदायांची सरासरी ५८.४ होती, बिगर-आदिवासी समुदायांची ७७.५. या मोजमापात घरी आणलेले मूस हरणाचे मांस धरले जात नाही, आणि दुसरीकडे उत्तरेतल्या दुकानांतले दुधा-भाज्यांचे अवाच्या सवा भावही पुरेसे उमटत नाहीत.

घरांच्या बाबतीत चित्र अगदी उलटे आहे. लिथुएनियात १९९१ नंतर सोव्हिएतकालीन सदनिका रहिवाशांनाच नाममात्र दराने विकल्या गेल्या, त्यामुळे जवळपास नऊ-दशांश लोक स्वतःच्या घरात राहतात. पण १९९१ मध्ये ३७ लाख असलेली लोकसंख्या २०२० पर्यंत २८ लाखांवर आली. जन्म घटले, आणि तरुण ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वेकडे गेले. २०१९ पासून येणारे जाणाऱ्यांपेक्षा अधिक झाले आहेत. क्री समाज तरुण आणि वाढता आहे. तिथे एका घरात तीन पिढ्या दाटीने राहतात, बुरशी धरलेल्या भिंतींची तक्रार जुनी आहे, आणि क्षयासारखे आजार त्यातून पसरतात.

आरोग्य

१९९० च्या दशकाच्या मध्यास लिथुएनियात दर लाखामागे सुमारे ४५ आत्महत्या होत. मरणाऱ्यांत खेड्यांतले मध्यमवयीन पुरुष अधिक. काम, शेत आणि दर्जा एकदम गमावलेली ही पिढी. आता ते प्रमाण निम्म्याहून खाली आहे. २०१८ मध्ये दारूखरेदीचे वय २० वर नेले, विक्रीचे तास कमी केले आणि जाहिरातींवर बंदी आणली. कॅनडातील फर्स्ट नेशन्समध्ये आत्महत्येचे प्रमाण बिगर-आदिवासींच्या सुमारे तिप्पट असून तिथे बळी जातात ते मुख्यतः तरुण. अटावापिस्काटने एप्रिल २०१६ मध्ये याच कारणासाठी आणीबाणी पुकारली; एका दिवसात ११ जणांनी जीव देण्याचा प्रयत्न केला होता. गावापासून सुमारे ९० किमी.वर तेव्हा हिऱ्यांची खाण चालू होती. क्वेबेकमधील क्रींत मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस हे प्रमाण प्रांताच्या सरासरीहून फारसे अधिक आढळले नाही, आणि स्वतःच्या हाती आलेल्या संस्थांशी त्याचा संबंध जोडला जातो. मधुमेहाने मात्र तिथेही हात टेकवले आहेत. रानातले जेवण सुटून पाकिटातले आले, त्याचा हा परिणाम.

सध्याचा वाद क्वेबेकमधील नेमास्का या क्री गावाजवळच्या लिथियमचा आहे. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी तिथे खाण काढण्याबाबत क्री सरकारने २०१४ मध्ये कंपनीशी नोकऱ्या व नफ्यातील वाट्याचा करार केला. कंपनी पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून जाऊन नव्या मालकांकडे गेली. नोकरी हवी असलेले तरुण आणि पाण्याची धास्ती घेतलेले शिकारी यांच्यात गावातच मतभेद आहेत.