बघणाऱ्या शब्दांचं घराणं

रिस्पेक्ट म्हणजे आदर आणि सस्पेक्ट म्हणजे संशय घेणं. एका शब्दात माणूस वर चढतो, दुसऱ्यात खाली येतो. पण दोन्हींच्या पोटात तुकडा एकच, ‘स्पेक्ट’. लॅटिनमधल्या ‘स्पेकेरे’ या क्रियापदाचा अर्थ साधा आहे, बघणं. त्याआधी उपसर्ग लागला की नजरेची दिशा ठरते. ‘रे’ म्हणजे मागे. एखादा माणूस पुढे निघून गेल्यावर त्याच्याकडे वळून पाहावंसं वाटतं, तो रिस्पेक्ट. ‘सब’ म्हणजे खालून. पापण्यांआडून, चोरट्या नजरेनं पाहणं हे सस्पेक्ट. ‘दे’ म्हणजे खाली. वरून खाली पाहिलं की डिस्पाइज, म्हणजे तुच्छ लेखणं. आत डोकावलं की इन्स्पेक्ट आणि बाहेर डोळे लावून बसलं की एक्स्पेक्ट.

हे मराठी वाचकाला मुद्दाम समजावून सांगावं लागू नये, कारण आपल्याकडेही नेमकं हेच घडलं आहे. संस्कृतमध्ये ईक्ष् म्हणजे पाहणं. त्यापासून अपेक्षा, उपेक्षा, परीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण आणि समीक्षा आले. अपेक्षा आणि एक्स्पेक्ट, निरीक्षक आणि इन्स्पेक्टर या जोड्या शेजारी ठेवून बघा. ईक्ष् आणि स्पेकेरे हे धातू वेगळे आहेत, कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. आणि संस्कृतकडे तरी कशाला जायचं? आपण कुणाची ‘वाट पाहतो’, तेव्हा आपणही नजर लावूनच बसलेले असतो. मनातल्या भावाला नाव देताना माणसं पुन्हा पुन्हा डोळ्यांकडे वळली. मला ही गोष्ट कुठल्याही एका व्युत्पत्तीपेक्षा मोठी वाटते.

या घराण्यात काही जुळी भावंडं आहेत, आणि त्यांचे चेहरे ओळखू येणार नाहीत इतके बदललेले आहेत. स्पाइस म्हणजे मसाला आणि स्पीशीज म्हणजे सजीवांची जात. हे दोन्ही मुळात एकच शब्द आहेत. लॅटिन ‘स्पेकिएस’चा अर्थ जे दिसतं ते, म्हणजे रूप. रूपावरून प्रकार ओळखतात, म्हणून तो शब्द ‘प्रकार’ या अर्थानं वापरात आला. उत्तरकालीन लॅटिनमध्ये तोच शब्द व्यापाऱ्यांच्या मालाला लागला, आणि त्यातही औषधी द्रव्यांना आणि मसाल्यांना. फ्रेंचांच्या तोंडी त्याचं ‘एस्पीस’ झालं आणि इंग्रजीत येताना पुढचा ‘ए’ गळून स्पाइस उरला. दुसरीकडे विद्वानांनी तोच शब्द थेट लॅटिन ग्रंथांतून जसाच्या तसा उचलला. १७५३ साली लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं वनस्पतींची मोठी वर्गवारी छापली, तेव्हा स्पीशीज हा शब्द जीवशास्त्रात पक्का झाला.

इंग्रजीत अशा जोड्या भरपूर आहेत, त्याचं कारण इतिहासात आहे. १०६६ साली उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या दरबाराची भाषा फ्रेंच राहिली. त्या वाटेनं झिजलेले लॅटिन शब्द आले. नंतर विद्येच्या वाटेनं तेच शब्द न झिजता पुन्हा आले. आपल्याकडे शेत आणि क्षेत्र, काज आणि कार्य हे जसे एकत्र नांदतात, तसाच हा प्रकार आहे. रेस्पाइट, म्हणजे थोडी उसंत, हा शब्दसुद्धा रिस्पेक्टचाच झिजलेला भाऊ आहे. वळून पाहणं, मग फेरविचार, त्यातून मिळालेली मुदत आणि शेवटी उसंत, असा त्याचा प्रवास झाला.

आता घराण्याच्या मूळपुरुषाकडे जाऊ. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असं मांडलं. त्या उगमाच्या भाषेला आद्य भारोपीय म्हणतात. तिचा एकही लेख हाती नाही, तरी लेकी भाषांची तुलना करून तिचे शब्द पुन्हा उभे करता येतात. ‘बघणं’ या अर्थाचा तिचा धातू स्पेक् असा मांडला जातो.

मग तो संस्कृतात कुठे गेला? शाळेत संस्कृत शिकलेल्यांना एक गोष्ट खटकली असेल. धातू सांगायचा दृश् आणि रूप चालवायचं ‘पश्यति’. दृश् मधून प आला कुठून? तो आलाच नाही. पश्य हे वेगळ्याच धातूचं, याच स्पेक् चं रूप आहे. सुरुवातीचा स् गळाला आणि दोन अपुऱ्या धातूंनी मिळून एक क्रियापद पुरं केलं. स् न गळालेला धातू स्पश् या रूपात वेदांत आहे. ऋग्वेदात वरुणाचे हेर आहेत, त्यांना स्पश म्हणतात. इंग्रजी स्पाय हा शब्द जर्मानिक बोलींतून, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळातून, फ्रेंचमार्गे आला, आणि तो याच स्पश चा सख्खा नातेवाईक आहे. आपण रोज वापरतो तो ‘स्पष्ट’ही इथलाच. स्पष्ट म्हणजे नीट दिसलेलं.

इथे कुणी म्हणेल, नुसता आवाज जुळला म्हणून नातं जोडलंत. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला दिलेलं उत्तर हाच या शास्त्राचा कणा आहे. नातं आवाजाच्या साम्यावर ठरत नाही, बदलांच्या नियमितपणावर ठरतं. लॅटिनमध्ये जिथे क येतो, तिथे ठरावीक शब्दांत संस्कृतात श येतो. ‘देकेम’ला दश, ‘केंतुम’ला शत. म्हणून स्पेक् चं स्पश् व्हायलाच हवं. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ साली जर्मानिक भाषांचा असाच नियम मांडला. मूळचा प तिथे फ होतो. पितृ आणि फादर, पाद आणि फूट. मग स्पायमध्ये प कसा टिकला? आधी स असला की हा बदल होत नाही. त्रि चं थ्री झालं, पण वेदांतल्या स्तृ शी नातं सांगणाऱ्या स्टारमध्ये ट राहिला, तो याच कारणानं. अपवादालाही नियम असतो, हे कळल्यावर मला पहिल्यांदा व्युत्पत्तीची खरी गोडी लागली.

ग्रीकांनी या धातूची अक्षरं उलटवली. स्पेक् चं त्यांच्याकडे ‘स्केप्’ झालं. याला वर्णविपर्यय म्हणतात. नुकसानला नुस्कान आणि डेस्कला डेक्स म्हणताना आपण हेच करतो. त्या उलट्या रूपातून स्केप्टिक आला, म्हणजे नीट न्याहाळल्याशिवाय न मानणारा. स्कोप आला आणि टेलिस्कोपपासून स्टेथोस्कोपपर्यंत सगळी यंत्रं आली. बिशपसुद्धा इथलाच आहे. ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘स्कोपोस’ म्हणजे पाहणारा. वरून देखरेख करणारा तो एपिस्कोपोस, आणि तो शब्द घासून घासून बिशप झाला. आपला अध्यक्ष त्याच साच्यातला आहे, अधि म्हणजे वर आणि अक्ष म्हणजे डोळा. होरोस्कोप म्हणजे जन्माची घटका पाहणारा. त्यातला ‘होरा’ ग्रीकांकडून संस्कृतात आला आणि ज्योतिषात तो आजही आहे.

ऑस्पिशस हा माझा सर्वांत आवडता शब्द. अर्थ शुभ. ‘आविस’ म्हणजे पक्षी आणि पुढे आपला स्पेकेरे. रोममध्ये मोठ्या कामाआधी पक्षी कुठून उडतात, कसे उडतात, ते पाहून देवांचा कौल ठरवत. आणि आपला शकुन? संस्कृतात शकुन म्हणजे मुळात पक्षीच.

काही शब्द मात्र नातेवाईक वाटतात, पण नसतात. स्पीकचा, म्हणजे बोलण्याचा, या घराण्याशी संबंध नाही. लँडस्केपमधला ‘स्केप’ डच भाषेतून आला आहे आणि त्याचं नातं फ्रेंडशिपमधल्या ‘शिप’शी आहे. एस्केप म्हणजे झगा मागे टाकून निसटणं, त्यात ‘काप्पा’, म्हणजे झगा, दडलेला आहे. उलट फ्रंटिसपीस, म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीचं चित्र, हा शब्द खरा घरातला आहे. त्याचा शेवट लॅटिन ‘स्पिकिउम’चा, पण लोकांना तो तुकडा या अर्थाचा ‘पीस’ वाटला आणि स्पेलिंगही तसंच पडलं.

विज्ञानानं या धातूला पुन्हा कामाला लावलं. १६११ साली रोममध्ये गॅलिलिओच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत त्याच्या दुर्बिणीला टेलिस्कोप हे नाव मिळालं. न्यूटननं लोलकातून भिंतीवर पडलेल्या रंगांच्या पट्ट्याला स्पेक्ट्रम म्हटलं. त्याचं ते लेखन १६७२ साली छापलं गेलं. लॅटिनमध्ये स्पेक्ट्रम म्हणजे समोर दिसणारा आभास. भूत या अर्थाचा स्पेक्टर त्याचाच भाऊ. मग एकोणिसाव्या शतकात बुन्सेन आणि किर्खहोफ या जर्मन शास्त्रज्ञांनी तो पट्टा तपासणारं यंत्र हाती घेतलं, आणि अशा यंत्राचं नाव स्पेक्ट्रोस्कोप. पहिला अर्धा भाग लॅटिन, दुसरा ग्रीक. मधल्या हजारो वर्षांत स्पेक् आणि स्केप् एकमेकांना ओळखेनासे झाले होते, आणि या एका नावात ते पुन्हा शेजारी येऊन बसले. तापवलेल्या प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात त्याच्या स्वतःच्या रंगीत रेषा दिसतात. त्याच यंत्रातून १८६० साली त्या दोघांना दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या, म्हणजे मूलद्रव्य नवं होतं. आकाशी निळ्या रंगाच्या लॅटिन शब्दावरून त्यांनी त्या नव्या मूलद्रव्याचं नाव सीझियम ठेवलं.